या नावाची कोणी नाही

गुरुवार, ९ ऑगस्ट १९५६

एकनाथने कचेरीतून ही डायरी आणली. म्हणाला, "आई, कचेरीच मोडायला निघालीय. कपाटात कोरी पडली होती, घे." मी ती लगेच उशाखाली सारली, कारण पद्माने पाहिली होती. पद्मा म्हणजे माझी नातसून, वसंताची बायको. कोरा कागद दिसला की तिला राहवत नाही. कॅलेंडरांच्या पाठी, वाण्याच्या पुड्या, माझ्या औषधाचे कागदसुद्धा, सगळ्यांवर कोळशाची चित्रं. म्हणून मीच लिहायला घेतलं. भरलेलं पान तिच्या कामाचं नाही.

माझी शाळा दुसरीपर्यंत. जोडाक्षरं गेल्या साली पद्मानेच गिरवून घेतली. उजवं मनगट वाकडं आहे, त्यामुळे ओळ खाली उतरते. एकनाथच्या बापाने पाट फेकून मारला होता, हाड तसंच बसलं.

घरात चार माणसं. एकनाथ कारकून, वसंता जामबागेत सायकलच्या दुकानात, पद्मा आणि मी. सून होती, ती आठ वर्षांमागे अंगणातल्या आडात गेली. पाय घसरला.

आज तव्यावर भाकरी करपत होती आणि ही बाई चुलीमागच्या भिंतीवर कावळा काढत बसली होती. उलथणं तापलेलंच होतं, तेच हातावर दिलं. ओरडली नाही. ही तिची वाईट खोड. माणूस ओरडलं तर मारणारा थांबतो तरी.

सोमवार, २० ऑगस्ट

दुपारी पोस्टमन आला. रजिस्टर पत्र, सरकारी शिक्का.

"अम्मा, सत्यवती लक्ष्मणराव उदगीरकर कौन है?"

"या नावाची कोणी नाही."

"घर का नंबर तो यहीच है."

"नंबर आमचा असेल. नाव आमचं नाही. आम्ही कंधारकर. गौलीगुड्यात तीस वर्षं राहतोय, तू किती वर्षांचा?"

तो हसला, पाकिटावर काहीतरी लिहिलं आणि गेला.

तो गल्लीच्या तोंडाशी पोचला असेल, तेव्हा मला आठवलं. सत्यवती म्हणजे पद्माच. लग्नात वसंताने ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'पद्मावती' लिहिलं, त्या दिवसापासून ती पद्मा. तिचा बाप लक्ष्मणराव, शाळामास्तर, वारला.

हाक मारली असती तर पोस्टमन थांबला असता. मारली नाही. लग्न झालेल्या बाईला माहेरच्या नावाने पत्र येतं, ते चांगलं कशाला असेल? आणि नाव एकदा बदललं की बदललं. मला माहेरी तारामती म्हणत. पन्नास वर्षांत कोणी म्हटलं नाही, माझं काही अडलं नाही.

सोमवार, ३ सप्टेंबर

पद्मा रोज दुपारी दारात उभी राहते. निमित्त कधी तांदूळ निवडायचं, कधी केस वाळवायचं. सायकलची घंटा वाजली की मान वळते. मला ठाऊक आहे ती कोणाची वाट बघते. बोलले नाही.

वसंताला कुणी गल्लीतल्याने सांगितलं की तुझी बायको दारात उभी असते. दुकानातून येताना तो ट्यूबचा तुकडा घेऊन आला. काळी रबरी ट्यूब, दुहेरी केलेली.

"कोणाची वाट बघतेस?"

"पोस्टमनची."

"पोस्टमनची! हिचं काळीज किती मोठं बघ, आजी. खाकी कपडे आवडतात हिला."

खरं बोलली तरी मारलं. मी ओसरीवर शेंगा सोलत होते. नवराबायकोत तिसऱ्याने पडू नये. शेंगा मोजून अर्ध्या झाल्या तेव्हा थांबला. पाठीवर हळद लावायला मीच गेले. वळ जाड होते, रबराचे वळ काठीपेक्षा वाईट, मध्ये पांढरे राहतात.

"आजी," ती म्हणाली, "माझ्या नावाचं काही आलं होतं का हो?"

"तुझ्या नावाचं कोण पाठवणार?"

हे खोटं नाही. पद्मावतीच्या नावाचं काही आलं नव्हतं.

बुधवार, १९ सप्टेंबर

वसंता डोकं फोडून घेऊन आला. इराण्याच्या हॉटेलात कोणीतरी म्हणालं, राज्याचे तीन तुकडे होतायत, मराठे लोगां बोरिया-बिस्तर कब बांधते? याने सोड्याची बाटली त्याच्या कानावर फोडली. मग चौघांनी याला खुर्चीने मारलं. त्या माणसाचा कान शिवावा लागला म्हणे.

एकनाथ म्हणाला, "चेष्टा केली असेल रे."

"मग मीपण चेष्टाच केली."

हा आपल्या आजोबावर गेलाय. आजोबासुद्धा बाहेर मार खाल्ला की घरी येऊन पुरा करायचे. संध्याकाळी पद्माने वाढायला उशीर केला. ताट तिच्या तोंडावर गेलं. ओठ फाटला. वरण गरम नव्हतं, एवढं बरं.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

एकनाथची वाटणी झाली. कचेरीत कपाटं, फायली, शिपाई, पंखे, सगळं तिघांत वाटतायत. तेलुगू इकडे, कानडी म्हैसूरकडे, मराठी मुंबईकडे. एकनाथ औरंगाबादेला. एक नोव्हेंबरला तिथे सही करायची, आम्ही दिवाळी करून मागून जायचं.

वसंता म्हणाला, "माझ्या दुकानाचं काय?"

"तिथे दुकानं नाहीत का?"

"तुम्हाला सरकार घेऊन चाललंय. मला कोण विचारतंय?"

मला वाटलं पद्मा रडेल. ती एकदम पांढरी पडली आणि म्हणाली, "एक तारखेला?" तीनदा विचारलं. मी म्हटलं, "तुला कुठली तारीख चुकवायचीय गं?"

हे घर भाड्याचं. आड मालकाचा. तिथे नळ असेल म्हणतात. आड नसलेलं घर बरं.

सोमवार, २२ ऑक्टोबर

आज दुपारी रिक्षातून एक बाई उतरली. पन्नाशीची, चष्मा, जाड चपला, हातात कापडी पिशवी. म्हणाली, "मी सुशीलाबाई. सरकारच्या कला खात्यात आहे. सत्यवती उदगीरकर इथे राहतात का?"

मी तोंड उघडायच्या आत मागून पद्मा म्हणाली, "मी."

सुशीलाबाईंनी पिशवीतून तेच पाकीट काढलं. वर लाल शाईत लिहिलेलं. "हे परत आलं. या नावाची कोणी नाही, असं घरच्यांनी सांगितलं म्हणे. आमच्या टेबलावरही फायलींच्या वाटणीत दोन महिने दबून राहिलं. शेवटी म्हटलं आपणच जाऊन बघावं."

पद्मा माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "पोस्टमन नवा असेल. या पोरांना अक्षर कुठे लागतं?"

मग सुशीलाबाई सगळं सांगत बसल्या. बरकतपुऱ्यात एका नवाबाची रिकामी कोठी सरकारने घेतलीय. तिथे सहा चित्रकारांनी एक वर्ष राहायचं. जेवण, रंग, कागद सरकारचे, वर हातखर्चाला महिन्याचं वेतन. काम एकच, चित्रं काढायची. पद्माच्या जुन्या शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी अर्ज भरला होता. शाळेचा दाखला सत्यवतीचा, म्हणून अर्ज त्याच नावाने. दीडशे अर्जांतून सहाजण निवडले, त्यात ही.

"बायका किती?" मी विचारलं.

"दोन. वेगळ्या खोल्या आहेत, आजी. मीही तिथेच राहणार आहे."

"आणि आता उशीर झाला असेल."

"एकतीसच्या संध्याकाळपर्यंत हजर झाली तर नाव चढतं. चढलेलं नाव पुढचं सरकार वर्षभर निभावणार, असा कागद झालाय. एक तारखेला हे राज्यच उरत नाही. मग नवीन नाव कोण चढवणार?"

दोन गोष्टी हव्यात म्हणाल्या. घरातल्या वडीलधाऱ्याची लेखी संमती, आणि सत्यवती व पद्मावती एकच, असं घरच्या माणसाने लिहून दिलेलं. कोरा नमुना ठेवून गेल्या. मी तो तांदळाच्या डब्याखाली घातला.

जाताना त्यांनी अर्जासोबतच्या चित्रांतली काही परत दिली. मीही बघितली. एकात नुसता हात, उगारलेला, उलथणं धरलेला. शिरा वर आलेल्या, मनगट वाकडं. सुशीलाबाई म्हणाल्या, याच चित्रावर सगळे थांबले. बोलताना त्या माझ्या हाताकडेच बघत होत्या. मी पदर ओढून घेतला. चित्रातला हात बराच म्हातारा आहे. असेल गल्लीतल्या कोणाचा.

जेवताना मी हे बोलून गेले. पोटात राहिलं नाही. एकनाथ म्हणाला, "नसती थेरं." वसंताने दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

बोलायला नको होतं.

सकाळी वसंताने स्वतः बंब पेटवला. तो कधी पेटवत नाही. मला वाटलं, डोक्यावरची जखम बरी झाली, आंघोळीची हौस आली. मग पद्माच्या धावण्याचा आवाज आला. तो चित्रं गुंडाळून गुंडाळून बंबाच्या नळीत घालत होता. ट्रंकेतली, पुड्यांवरची, कालची, सगळी.

तिने नळीत हात घातला. त्याने तो बाहेर काढला, आणि उघडा तळवा तापलेल्या तांब्यावर दाबून धरला. "काढ चित्र. काढ आता."

आज ओरडली.

मी न्हाणीत पोचले तोवर कातडं बंबाला चिकटलेलं होतं. वास आला. त्याने सोडलं आणि त्याच पाण्याने आंघोळ केली. माझ्यासमोर केली.

डॉक्टरकडे मी नेलं. डॉक्टरने विचारलं, कसं भाजलं? मी म्हटलं, "पाय घसरला, बंबावर पडली." पद्मा हसली. फाटून जुळलेल्या ओठाने हसली, आणि मला न्हाणीत वाटलं नव्हतं ते भय तिथे वाटलं.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

पाय घसरला नव्हता. सुनेचा. लिहून टाकते. त्या दिवशी एकनाथने तिला मारलं होतं आणि मी म्हटलं होतं, रडतेस कशाला, नवीन आहे का. भांडी घासायला म्हणून आडाकडे गेली. भांडी काठावर नीट रचून ठेवली होती, मोठ्यावर लहान. घसरणारं माणूस भांडी रचत नाही.

आज दिवेलागणीला अंगणात गेले, तर पद्मा आडाच्या कठड्यावर बसलेली. पाय आत सोडलेले. भाजला हात मांडीवर. शेजारी चपला जोडून ठेवलेल्या.

मी हाक मारली नाही. हाकेने माणूस दचकतं. मागून जाऊन वेणी धरली आणि ओढली. ती उताणी पडली, मीपण पडले. तिच्या तोंडात मारलं, दोनदा. म्हटलं, "या घरात एवढी एकच वाट आहे का गं? सगळ्याजणी इथूनच?"

"दुसरी होती," ती म्हणाली. "परत गेली."

तेव्हा सांगितलं. पत्र मी परत पाठवलं. पोस्टमन गल्लीत असतानाच मला आठवलं होतं. तू दारात का उभी राहतेस ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, ट्यूबचा मार पडला त्या दिवशीसुद्धा.

ती उठून बसली. डावा हात उचलला आणि मला मारलं. कानाखाली, पुऱ्या ताकदीने. माझी कानातली कुडी चिखलात पडली. एकनाथचा बाप मेल्यापासून मला कोणी मारलं नव्हतं. डावा हात तिचा बरा आहे, जोर आहे.

दोघी तिथेच बसलो, चिखलात. मग तिने कुडी शोधून दिली.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

सकाळी एकनाथ कचेरीत गेला, वसंता दुकानात. मी तांदळाच्या डब्याखालून कागद काढला. पद्माने वाचून दाखवला, मी लिहिलं. लिहिताना ओळ उतरत होती, तिने खाली फूटपट्टी धरली.

'सत्यवती लक्ष्मणराव उदगीरकर व पद्मावती वसंत कंधारकर ही एकच बाई आहे. हिचं नाव आम्ही बदललं. पत्र मी परत पाठवलं, पोस्टमनची चूक नाही. हिला जायला माझी संमती आहे. घरात वडील मी आहे.'

खाली नाव लिहायचं होतं. पहिल्यांदा भलतंच लिहिलं गेलं. 'तारा' एवढं झालं तेव्हा ध्यानात आलं. खोडून सावित्रीबाई लिहिलं.

तिची ट्रंक आम्ही दोघींनी दारात आणली आणि वसंता आला. त्याला कोणी कळवलं माहीत नाही. उंबऱ्यात उभा राहिला. खिशात ट्यूब.

"कुठे?"

"मी पाठवतेय तिला," मी म्हटलं.

"आजी, तू बाजूला हो. तुझं वय झालंय."

त्याने पद्माचा बांधलेला हात धरला, नेमका तोच, आणि पिळला. ती खाली बसली. दाराआड मुसळ उभं असतं. मी ते उचललं. कांडणाचं मुसळ मी वयाच्या दहाव्या वर्षापासून उचलतेय, त्याला ताकद लागत नाही, ते आपल्या वजनाने उतरतं. त्याच्या उजव्या मनगटावर उतरवलं. हाड मोडल्याचा आवाज माझ्या ओळखीचा आहे.

तो खाली बसला. लहान असताना जसा रडायचा, तसाच रडला. "आजी, तू मला मारलंस?"

"हो. तिला सोड."

सोडलं होतं त्याने आधीच.

पद्मा रिक्षाने गेली. दाराशी वळून बघितलं, मी म्हटलं, "जा. बघत काय बसतेस?" मग वसंताला दुसऱ्या रिक्षात घालून हाडवैद्याकडे नेलं. मी मोडलं, बांधूनही मीच आणलं. वैद्याने विचारलं, कसं झालं? म्हटलं, "मी मारलं." तो हसला. खरं वाटलं नाही त्याला.

संध्याकाळी एकनाथ थयथय नाचला. कुळाची अब्रू, औरंगाबादेत काय सांगू, आई तुला वेड लागलं. म्हटलं, "तुझ्या बायकोची भांडी कोणी रचली होती रे आडावर?" पाणी प्यायला आत गेला, तो बाहेर आलाच नाही.

बुधवार, ३१ ऑक्टोबर

एकनाथ सकाळच्या गाडीने औरंगाबादेला गेला. मी बरकतपुऱ्याला गेले. सुशीलाबाईंनी निरोप धाडला होता, संमती देणाऱ्या माणसाने स्वतः यावं.

कोठीच्या ओसरीत टेबल, टेबलामागे कारकून. त्याने माझा कागद वाचला, पुन्हा वाचला. पद्माच्या हाताच्या पट्टीकडे बघितलं. "या हाताने या काय काढणार?"

सुशीलाबाई म्हणाल्या, "अर्जात हात किती हवेत ते लिहिलेलं नाही. नाव चढवा."

"आणि ही खाडाखोड?"

"खाडाखोड चालते. आजी, बाजूला सही करा."

सही केली. कारकुनाने विचारलं, "नाव काय चढवू? दोन आहेत."

मी पद्माकडे बघितलं नाही. तिने सांगितलं, "सत्यवती." त्याने वहीत लिहिलं, टीपकागद दाबला. पाच वाजले होते. बाहेर शिपाई खुर्च्या ढकलगाडीवर चढवत होते. त्यांचं राज्य उद्या नव्हतं.

मंगळवार, ६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. दिवे लावले, फराळ केला नाही. वसंता डाव्या हाताने जेवतो, सांडतो. माझ्याशी बोलत नाही. मी वाढते, तो खातो. आजची संध्याकाळची गाडी काचीगुड्याहून. औरंगाबादेत आता तो, एकनाथ आणि मी. मनगट वाकडं बसणार असं वैद्य म्हणाला. घरात आता दोन झाली.

बोचकी बांधून दुपारी कोठीवर गेले. उलथणं नेलं होतं, तिच्याकडे स्वयंपाक नाही हे ध्यानात नव्हतं. उजव्या तळव्यावर नवं कातडं येतंय, गुलाबी, उंदराच्या पिल्लासारखं. बोटं अजून मिटत नाहीत. डाव्या हाताने गिरवते. भिंतीवर कागदच कागद, सगळ्या रेघा उतरत्या, माझ्या अक्षरासारख्या.

मी म्हटलं, "सत्यवती, गाडीची वेळ होतेय."

ती म्हणाली, "बसा थोडं, आजी. ते हातात धरा, उलथणं. वर."

"कशाला?"

"जळलं ना ते चित्र. परत काढते."

"मनगट सरळ काढ मग."

"आहे तसंच काढणार."

बसले. हात वर धरला. ती एकदा हाताकडे बघायची, एकदा कागदाकडे, माझ्या तोंडाकडे नाही. सुशीलाबाई चहा ठेवून गेल्या, निवला. खांदा भरून आला, मग बोटांत मुंग्या आल्या. मी म्हटलं, "किती वेळ?" ती म्हणाली, "हलू नका."

आजवर हात उचलला की तो लगेच खाली यायचा, कोणावर ना कोणावर. एवढा वेळ वर ठेवायची त्याला सवय नव्हती. थरथरायला लागला. धरून ठेवला.